दोनशे सतरा क्रमांकाचा खाणदिवा

मी एक जुना खाणदिवा आहे. चांदूर रेल्वेच्या एका घरात, देवघराच्या फळीवर, समईच्या शेजारी माझा मुक्काम असतो. त्यामुळे येणारेजाणारे मला देवाचा दिवा समजतात आणि नमस्कारही करतात. मित्रांनो, त्या नमस्कारावर माझा हक्क आहे की नाही, हे माझी हकीकत ऐकून तुम्हीच ठरवा. माझ्या अंगावर पितळेची एक चकती आहे. तिच्यावर २१७ हा आकडा कोरलेला आहे. माझे नाव एवढेच.

आधी माझी रचना सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. खाली तेलाची टाकी, तिच्यावर वात, वातीभोवती जाड काच आणि काचेवर टोपीसारख्या दोन पोलादी जाळ्या, एकीच्या आत दुसरी. कोळशाच्या खाणीत कधीकधी पेट घेणारा वायू साठतो. तो माझ्या आत येऊन पेटला, तरी त्याची आग जाळीच्या तारांशी निवते आणि बाहेर पडत नाही. एक जाळी फसली तर दुसरी हवी, म्हणून दोन. माझे दुसरे काम याहून साधे आहे. हवेतला प्राणवायू कमी झाला की माझी ज्योत आखडते, लालसर होते आणि माणूस कोसळण्याच्या आधी विझते. यात चमत्कार नाही. जळत राहण्यासाठी ज्योतीला लागणारा प्राणवायू माणसाच्या गरजेपेक्षा थोडा जास्त असतो, इतकेच.

वर्धा नदीपलीकडच्या एका भुयारी खाणीत मी नोकरीला लागलो. तिथल्या दिवाघरात गोदाबाई नावाच्या बाई रोज माझी काच पुसत, जाळ्या घासत आणि कामाची पाळी सुरू होताना मला कामावर सोपवत. ज्यांच्या हाती सोपवत ते जानराव. पाळी सुरू होण्याआधी एकट्याने आत जायचे, माझ्या ज्योतीवरून हवा तपासायची आणि जिथवर हवा चांगली तिथवरच्या भिंतीवर खडूने तारीख घालून सही करायची, हे त्यांचे काम. ती सही दिसल्याशिवाय एकही कामगार पुढे पाऊल टाकत नसे.

त्या खाणीत एक सोडून दिलेली गल्ली होती. तिथे दिवे आपोआप विझत, म्हणून तिथे भूत आहे असे सगळे म्हणत. जानरावांनी मला तिथे छातीच्या उंचीवर धरले. मी जळत राहिलो. जमिनीजवळ नेले, मी विझलो. पुन्हा पेटवून आणून त्यांनी तेच तीनदा केले.

"तुमचं भूत गुडघ्याच्या वर काहून येत नाई बाप्पा?" बाहेर येऊन त्यांनी विचारले. "जड हवा हाय ते. खाली बसते."

निवृत्तीच्या दिवशी खाणीने, आत कुणी मला उघडू नये म्हणून लावलेले कुलूप काढून, मला त्यांच्या हाती दिले. पुढे खाणही बंद झाली. जानराव गावी येऊन शेवंती आणि झेंडू पिकवू लागले आणि मी देवघरात पोहोचलो. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दर खंडेनवमीला मला चिंचेने घासत, हळदकुंकू लावत आणि तिळाचे तेल घालून पेटवत. आयुष्यभर धोका शोधणाऱ्या दिव्याला हे सुखाचे होते. तक्रार करण्याजोगे काही नव्हते. निदान मला तसे वाटत होते.

गीतांजली ही त्यांची नात. ती अमरावतीला विज्ञान शिकवते आणि सुटीच्या दिवशी मित्रांसोबत बंद पडलेल्या खाणी पाहत हिंडते. हा छंद ऐकून नातेवाईक कपाळाला हात लावतात. परंतु ती लेखी परवानगी काढते, बाहेर एक माणूस ठेवते आणि परतायची वेळ ठरवून आत जाते. आबाजींची, म्हणजे जानरावांची, खाण पाहण्याची परवानगी तिने वर्षभर पाठपुरावा करून मिळवली होती. तिला तिथे एकच गोष्ट हवी होती. खाणीत उतरणाऱ्या वाटेच्या, म्हणजे उताराच्या, पायथ्याशी आबाजींची शेवटची सही आहे, असे ती लहानपणापासून ऐकत आली होती. गुडघ्यांमुळे जानराव आता उतार उतरू शकत नव्हते. त्या सहीचा फोटो काढून त्यांना दाखवायचा, हा तिचा बेत.

दसरा झाल्यावर एका सकाळी तिचा मित्र शुभम गाडी घेऊन आला. गीतांजलीने मला फळीवरून उचलले.

"थांब वं," जानराव म्हणाले. "तपासल्याबिगर दिवा खाली जात नाई."

त्यांनी मला उघडले आणि आत बोट घालून पाहिले. माझी आतली जाळी नव्हती. मित्रांनो, खरे सांगायचे तर ती गेली कित्येक वर्षे नव्हती.

"वच्छले, जाळी कुठी गेली याची?"

वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोणती? ते तूप गाळाची?"

जानरावांनी मला तसेच उघडे तिच्या दारापुढे धरले.

"अवो, दोन दोन जाळ्यायतून देवाले उजेड दिसत नोता. मंग एक काढली. अन् एवढी बारीक गाळणी बजारात भेटते काय? बेरीचा कण खाली उतरत नाई."

"तुपासाठी चांगली हाय," जानराव शांतपणे म्हणाले. "खाणीत याच कारणानं माणसं मेली असती."

शुभम घड्याळ पाहत होता. "आजोबा, आमच्यापाशी हवा मोजायचं यंत्र आहे. हा दिवा तर फक्त आठवण म्हणून नेऊन राहिलो."

"आठवण म्हणून नेता त फोटो न्या माहा," जानराव म्हणाले. "दिवा नेता त पुरा न्या."

निघणे एका दिवसाने पुढे गेले. जानरावांनी दोन्ही जाळ्या धुण्याच्या सोड्यात उकळल्या, उन्हात वाळवल्या, प्रत्येक छिद्र उजेडापुढे धरून पाहिले, नवी वात घातली आणि टाकीतले तेल बदलले. वच्छलाबाई शेजारी बसून होत्या. "मले सांगतलं असतं त मी कायले काढली असती," असे त्या दोनदा म्हणाल्या. त्यांचे खरे होते. त्यांना कुणीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, बरोबर पंधरा वर्षांनी, मी पुन्हा उतारावर होतो. गीतांजलीच्या हातात मी, शुभमच्या कमरेला यंत्र. अर्ध्या वाटेच्या पुढे यंत्र किणकिणले. शुभमने ते हलवून पाहिले.

"सेल उतरला असन," असे म्हणून त्याने आवाज बंद केला.

तो चुकला होता. यंत्राने धोका माझ्या आधी ओळखला होता. जे मोजले गेले त्याचे श्रेय मी घेणार नाही. आणखी काही पावलांवर गीतांजलीने मला खाली, गुडघ्याजवळ धरले. माझी ज्योत आखडली, लाल झाली. समोर विजेरीच्या झोतात पायथ्याची भिंत दिसत होती आणि तिच्यावर पांढरे काहीतरी. अक्षरे मात्र लागत नव्हती.

"दहा पावलं तर आहेत," शुभम म्हणाला. "श्वास धरून जातो अन् फोटो काढून येतो."

गीतांजली काही क्षण त्या पांढऱ्या खुणेकडे पाहत राहिली. वर्षभर ती त्या दहा पावलांसाठी झटली होती. मी तिला काही सांगू शकत नव्हतो. मी फक्त आणखी थोडा लहान झालो.

"यंत्र चुकलं असं म्हणू," ती म्हणाली. "मग दिवापण त्याच जागी चुकला काय? दोघं वेगवेगळ्या रीतीनं मोजतात शुभम. चल, मागं."

ती वळली. जिथे यंत्राचा आकडा पुन्हा ठीक झाला आणि माझी ज्योत सरळ झाली, त्या जागी तिने खिशातून खडू काढला आणि भिंतीवर तारीख घालून सही केली. खाली लिहिले: याच्यापुढे जाऊ नये.

संध्याकाळी अंगणात जानरावांनी तिच्या फोनमधला, तिच्या त्या खडूच्या सहीचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"तुमची सही नाही आणता आली आबाजी," ती म्हणाली. "दहा पावलं राहिली."

जानरावांनी सहीखालची ओळ बोट फिरवत वाचली. "माही सही मी पाह्यली हाय," ते म्हणाले. "हे पाहाची होती." मग त्यांनी फोन वच्छलाबाईंच्या हाती दिला. "पाह्य, पोरीनं जागेवर सही केली. एक पाऊल पुढं नाई."

आता मी पुन्हा फळीवर आहे. माझ्या दोन्ही जाळ्या जागेवर आहेत. तूप गाळायला वच्छलाबाईंनी अकोल्याहून नवी गाळणी आणवली आणि ती बरोबर नाही अशी कुरकुर रोज करतात. गोदाबाईंचे फडके, जानरावांचा संशयी डोळा, वच्छलाबाईंची चिंच आणि त्या मुलीचे मागे वळलेले पाऊल, या साऱ्यांचा मी ऋणी आहे. यांपैकी एकही नसते, तर माझी हकीकत सांगायला कुणी उरले नसते.

मित्रांनो, परवानगीवाचून आणि जाणत्या सोबतीवाचून बंद खाणीत पाऊल टाकू नका. आणि घरातल्या जुन्या वस्तूला नमस्कार केला नाही तरी चालेल. ती कशासाठी घडवली होती, हे एकदा कुणाला तरी विचारा. आणि तिची जाळी जागेवर आहे का, तेवढे पाहा.