दालमिलवाल्या मॅडम

रागिणीताई राज्यमंत्री झाल्या तेव्हा अमरावतीच्या कॉलेजातले त्यांचे जुने विद्यार्थी हार घेऊन आले होते. अर्थशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली बाई, वर अकोल्यातली सासरची दालमिल नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून वाढवलेली. भाव कसा चढतो नि कसा पडतो, हे त्यांना पुस्तकातूनही कळे आणि गोदामातूनही. पक्षानं तेच हेरून त्यांना पद दिलं होतं.

पहिल्याच हंगामात, नवी तूर बाजारात यायच्या तोंडावर, सरकारनं मिलवाल्यांच्या तूरडाळीच्या साठ्यावर मर्यादा घातली. शहरांत डाळ महागली होती, ओरड थांबवायची होती. पण साठवता येईना म्हणून मिलवाल्यांनी खरेदी आखडली आणि तुरीचा भाव कोसळला. हे होणार, हे ताईंना आदेश हातात पडताच दिसलं होतं. बैठकीत त्या बोलू लागल्या, तर ज्येष्ठ मंत्री शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मर्यादा उठली तर पहिला फायदा कुणाला? तुमच्याच मिलला ना?"

बाकीच्यांनी फायलींत डोकी घातली. ताईंनी आपली टिपणं मिटून ठेवली.

दर्यापूरच्या कार्यक्रमात खुशालराव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. निवडणुकीत हा म्हातारा शेतकरी स्वतःची जीप घेऊन त्यांच्यासाठी गावोगाव हिंडला होता. त्यांनी आवाज चढवला नाही. "ताई, तुमी तं हेच शिकवत होत्या. मंग हे बरोबर हाये का, एवढंच सांगा आमाले."

वरिष्ठांच्या कानावर घालते, असं काहीबाही बोलून ताई गाडीत बसल्या. आपल्याच उत्तराची त्यांना शरम वाटत राहिली.

गाडी त्यांनी तशीच अकोल्याला वळवायला लावली. मिल विकून टाकू, असं त्यांनी पियुषला, नवऱ्याला, दारातच सांगितलं.

"विकू," तो म्हणाला. "मंग मर्यादा उठली तं म्हणतील, दुसऱ्याच्या नावावर चालवून राहिले. अन् भाव आणखी पडला तं म्हणतील, बाईले आधीच ठाऊक होतं. कोणत्या बाजूनं सुटशीन तू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात अमरावतीत शेतकरी मेळावा होता. खात्यानं लिहून दिलेलं भाषण ताईंनी बाजूला ठेवलं. आपली दालमिल आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "तरी सांगते. शेतकऱ्याचा माल घरात असताना ही मर्यादा घालायला नको होती. हे चुकलं." टाळ्या थांबेनात. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळपर्यंत ते भाषण प्रत्येक फोनवर पोचलं, पण मिलची कबुली कुणीतरी कापून टाकली होती. विरोधकांनी ती मिल आपणच शोधून काढल्याचा आव आणला, मॅडम स्वतःच्या फायद्यासाठी बोलल्या असा आरोप केला आणि 'दालमिलवाल्या मॅडम' हे नाव त्यांना चिकटलं. ताईंनी राजीनामा पाठवला. ज्येष्ठ मंत्र्यांचा फोन आला.

"हा राजीनामा घेतला तर आरोप खरा ठरतो. तुम्ही आहात तिथंच राहा. आणि ऐका, मर्यादा आम्ही सैल करणारच होतो. आता हंगामभर जमायचं नाही. एका मिलवालीपुढं सरकार झुकलं, असं दिसेल."

ताईंनी फोन ठेवला आणि राजीनाम्याची प्रत फायलीत सरकवली.

खुशालराव विश्रामगृहावर भेटायला आले ते पडलेल्या भावात तूर विकूनच. तुम्ही बोलल्या ते चांगलं केलं, असं सांगायला आले होते. ताईंनी त्यांना फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लपवता आलं असतं, पण त्यांना ते जमलं नाही.

"म्हणजे तुमी बोलल्या नसत्या तं..." एवढं म्हणून खुशालराव थांबले.

"हो," ताई म्हणाल्या. "मला जाऊ द्या आता, खुशालराव. माझ्या राहण्यानं तुमचं नुकसानच झालं. तुम्ही शेतकऱ्यांनीच सांगितलंत तर पक्ष ऐकेल."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाई. झालं ते झालं. पण तुमी गेल्या तं आमची तूर कशी पिकते हे ठाऊक असणारं तिथं कोणीच नाई राहणार. आमी तुमाले जाऊ नाई देत."

हे सारं ते मायेनं बोलत होते. ताईंना त्यांच्यावर चिडताही येईना.

बाहेर चांदूर रेल्वे गावातल्या एका उद्घाटनाला जायची गाडी सुरू करून ठेवली होती. ताईंनी पदर सारखा केला, खुशालरावांना चहा पाजायला सांगितलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.