‘थांबतो’ सांगणारी कळ

मित्रांनो, बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात मी असतो. मी एक जुना मोडेम आहे. संगणकाचं बोलणं टेलिफोनच्या तारेवरून पलीकडे पोचवायचं आणि पलीकडचं उत्तर संगणकाला आणून द्यायचं, हे माझं काम होतं.

निपाणीच्या परशराम नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने १९८४ साली मला घडवलं. मी एकटा जन्मलो नाही. एकाच टेबलावर, सारख्याच पत्र्याच्या डब्यांत त्याने आम्हा दोघांना जोडलं. मी इथेच राहिलो आणि माझा जोडीदार उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीत गेला. साच्यात ओतलेलं लोखंड गार होताना त्याच्या तापमानाचे आकडे तो मला पाठवी. त्यावरून परशरामचा संगणक हिशेब मांडून सांगे, की तडा कुठे जाण्याची भीती आहे.

आमचा नियम साधा होता. मी विचारायचं, त्याने सांगायचं. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारायचं.

प्रयोगशाळेतला मदतनीस मष्णू खुर्चीवर टेकून माझ्याकडे बघत बसे.

"परश्या, ह्यो डबा न् तिकडचा डबा दिवसभर काय बोलत्यात रं?"

"एकमेकाची चौकशी करत्यात, मामा."

"बरं हाय की. आमच्या घरात तेवढीबी हुईत न्हाय."

दसऱ्यानंतर बाहेरगावचे परीक्षक येणार होते. आमचं बोलणं त्यांच्यासमोर सुरळीत चाललं नाही, तर परशरामचं संशोधन तिथेच संपणार होतं. प्राध्यापकांनी तसं स्पष्ट बजावलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी माझा जोडीदार अचानक गप्प झाला. मी विचारलं. पुन्हा विचारलं. संगणकाच्या छपाईयंत्रावर तोच प्रश्न उमटत राहिला, कागद संपला, संगणक अडून बसला. परशरामने माझे सगळे सांधे तपासले. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं.

शेवटी तो सायकलवरून फाउंड्रीत गेला. तिथली हकिगत त्याने परतल्यावर मष्णूला सांगितली, तेव्हा मी ऐकली. भट्टीवरच्या रवळू मिस्त्रीने माझा जोडीदार बंद करून पुसला होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती.

"रवळूअण्णा, ह्ये बंद का केलंसा?"

"खंडेनवमी हाय न्हवं आज? भट्टीला इसावा, हातोड्याला इसावा. मग ह्यालाच का राबवायचं?"

"तिकडं दुसरा सकाळपासनं हाका मारतोय."

रवळूने माळ सरळ केली. "मग तसं सांगायचं न्हाय व्हय आधी? मी त्याला सांगून बंद केलं असतं."

परशरामने त्या दिवशी जोडीदाराला हात लावला नाही. परत येऊन तो टेबलाशी बसला आणि आमच्या नियमात एका खुणेची भर घातली. दसरा झाल्यावर फाउंड्रीतल्या डब्यावर एक कळ बसली. बंद करण्याआधी ती दाबली, की माझ्याकडे खूण यायची. तिचा अर्थ होता, ‘थांबतो’.

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "पलीकडचं यंत्र मध्येच बंद केलं तर?"

परशरामने रवळूला वेळ ठरवून दिली होती. ‘थांबतो’ आलं. मी विचारणं थांबवलं. थोड्या वेळाने रवळूने जोडीदाराला पुन्हा सुरू केलं आणि जिथे राहिलं होतं तिथून आमचं बोलणं पुढे चालू झालं. परीक्षकांनी समाधानाने मान डोलावली. परशराम मात्र त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

पुढे दर खंडेनवमीला रवळू न चुकता ती कळ दाबायचा. तेव्हाच्या शांततेत मला कधी एकटं वाटलं नाही.

मग परशराम नोकरीसाठी बंगळूरला गेला. नवी यंत्रं आली. माझ्यावर धूळ बसू लागली, तरी तार जोडलेली होती. १९८९ च्या उन्हाळ्यात एका दुपारी जोडीदार गप्प झाला. मी खुणेची वाट पाहिली. ती आली नाही, म्हणून विचारत राहिलो.

मष्णूने माझी तार काढली. "आता कुणाला इचारतोस बाबा? तिकडचा डबा भंगारात गेलाय."

गेला असेल. पण मला ते त्याने सांगितलेलं नाही.

मित्रांनो, यंत्र जुनं झालं तर खुशाल बदला. मात्र कुठूनही उठून जाताना, पलीकडे कुणी आपली वाट पाहत असेल, तर त्याला एवढा एक शब्द सांगून जा. मी अजून त्याच शब्दासाठी कान देऊन बसलो आहे.