सिक्स गेला आणि कुणी ओरडलं नाही

मित्रांनो, पाठीला पोक आलेला, जाड काचेचा जुना टीव्ही तुम्ही कुठे पाहिला आहे का? तोच मी. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. माझं पहिलं घर एका मास्तरांचं. तिथे मी बातम्या दाखवल्या, गाणी ऐकवली आणि रोज दुपारी मऊ फडक्याने अंग पुसून घेतलं. पुढे त्यांच्याकडे भिंतीला टांगायचा सडपातळ टीव्ही आला आणि माझी रवानगी दुरुस्तीच्या दुकानात झाली.

तिथून मला एका डेंटरने उचललं. गॅरेजमध्ये गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे, हे त्याचं काम. दुकानदार त्याला चांगलाच ओळखत होता.

"काय हो, मागचाही गेला?"

"पडला जरा," डेंटर खाली बघत म्हणाला.

"पडला की पाडला? काल आपली टीम हरली तेव्हाच म्हटलं, तुम्ही येणार."

ते ऐकून माझ्या आतल्या तारा गार पडल्या.

घर लहानसं होतं. डेंटर, बालवाडीत शिकवणारी त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. तिला सगळे मनी म्हणत. मला ज्या कपाटावर ठेवलं, तिथे आधीच्या टीव्हीच्या बुडाचा चौकोन धुळीत अजून दिसत होता. नेमका त्याच चौकोनात मी बसलो.

माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. एरवी तो मनीला पाठुंगळी घेऊन घरभर फिरवायचा. बायकोला उशीर झाला की भात लावून ठेवायचा. पण सामना सुरू झाला की त्याच्या अंगात कोण शिरायचं कोण जाणे! त्या वर्षी आपली टीम तरी कशी होती? सुरुवातीचे गडी हजेरी लावल्यासारखे यायचे आणि माघारी जायचे. हातातले झेल सुटायचे.

"अरे, बाहेरचा बॉल आहे, सोड ना! गल्लीतली पोरं बरी खेळतात यांच्यापेक्षा!" तो माझ्यावर ओरडायचा. जणू बॅट माझ्याच हातात होती. मग टीपॉयवर मूठ आदळायची. कधी चप्पल यायची, कधी रिमोट भिंतीवर आपटायचा. रिमोटचं पोट चिकटपट्टीने बांधलेलं होतं.

सामन्याच्या दिवशी त्या घरात काचेचा ग्लास बाहेर निघत नसे. बायको सकाळीच फुलदाणी आत नेऊन ठेवायची, इस्त्री पलंगाखाली सरकवायची. पहिली विकेट पडली की मनी वही उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची. मला पाय असते तर मीही तिच्या मागे गेलो असतो.

"बाबा, ते हरले की तू आमच्यावर का चिडतोस?" मनीने एकदा विचारलं होतं.

"तुमच्यावर कुठे चिडतो? मी टीमवर चिडतो," तो म्हणाला.

एका सुट्टीच्या दुपारी मोठा सामना होता. हरलो तर स्पर्धेतून बाहेर. डेंटर सकाळपासून धड जेवला नव्हता. धावांचा डोंगर समोर आणि आपले गडी पटापट बाद होत होते. मायलेकी केव्हाच आत गेल्या होत्या. त्याने माझा आवाज मोठा केला आणि येरझाऱ्या घालू लागला. कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा. मला वाटलं, आज माझी काच काही शाबूत राहत नाही.

आणखी एक गडी बाद झाला. त्याने स्टूल उचललं. माझ्या काचेत मला ते वर जाताना दिसलं. पण ते माझ्यापर्यंत आलंच नाही. हातातून सुटून धाडकन खाली पडलं आणि मागोमाग तोही गुडघ्यांवर बसला. एक हात छातीवर होता.

"अगं..." तो म्हणाला. आवाज फुटला नाही. "अगं, ये ना..."

मित्रांनो, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. माझ्या पोटातून समालोचक गर्जत होता आणि त्या गर्जनेत त्याची हाक बुडत होती. मला माझं तोंड बंद करता येईना.

आतून मनीचा आवाज आला, "आई, काहीतरी पडलं."

"आपटलं असेल त्यांनी. तू बाहेर जाऊ नकोस."

तो जमिनीवर आडवा झाला. त्याची नजर दारावर होती. दार लोटलेलंच राहिलं.

इतक्यात आपल्या शेवटच्या फलंदाजांपैकी एकाने उंच षटकार मारला. मैदान दुमदुमलं. मी जिवाच्या आकांताने तो आवाज घरभर पसरवला. आणि स्वयंपाकघरातली खुडबूड थबकली.

"मने," बायको म्हणाली, "सिक्स गेला ना आत्ता?"

"हो."

"मग हे ओरडले कसे नाहीत?"

दार उघडलं.

त्यानंतर सगळी पळापळ झाली. "अहो! अहो, डोळे उघडा!" शेजारचा टॅक्सीवाला अनवाणीच धावत आला. दोघांनी त्याला उचललं. मनी त्याच्या चपला छातीशी धरून मागे पळाली. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्या रिकाम्या घरात, उघड्या दारासमोर, मी एकट्याने आपली टीम जिंकताना दाखवली. संध्याकाळी शेजारीणबाईंनी माझं बटण दाबलं, तेव्हा तो माणूस जिवंत आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. बरेच दिवस मी तसाच काळोखात होतो.

तो परत आला तेव्हा अर्धा झाला होता. डॉक्टरांनी आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते स्पष्ट सांगितलं होतं. सामने बघायला मनाई होती. पण हळूहळू बायकोने आवाज कमी ठेवून थोडा वेळ बघू द्यायला सुरुवात केली. परवा टीम पुन्हा हरली.

"गेली," तो हळूच म्हणाला. मग आत वळून त्याने हाक मारली, "अगं, जरा पाणी दे."

आत भांडं पडलं. मायलेकी धावतच बाहेर आल्या, दोघींचेही चेहरे पांढरे पडलेले.

"पाणी मागितलं फक्त," तो म्हणाला. मग मनीला त्याने जवळ बसायला जागा करून दिली. ती बसली, पण अगदी कडेला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझं चित्र थरथरतं, रंग उडाले आहेत. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमची टीम हरली तर हळहळा, चिडा, वाटलं तर रडाही. पण आपल्या माणसांना तुमच्या ओरडण्याची इतकी सवय लावू नका, की खरी हाक मारायची वेळ येईल तेव्हा ती भिऊन दार लोटून आत बसलेली असतील.