मला कुंकू लावू नका

मित्रांनो, मी साखर मोजणारा एक मीटर आहे. वाण्याकडची साखर नव्हे, रक्तातली. तळहातात मावतो, कोपऱ्याला चरा पडला आहे, बटण दाबायला हल्ली जोर लागतो. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागावलो आहे.

चार वर्षांपूर्वी म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये तुळसीबाईंनी मला औषधाच्या दुकानातून घरी आणलं. त्यांची मेघाश्री तेव्हा नऊ वर्षांची. महिनाभर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि वाळत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. रोज मोजायचं, रोज टोचायचं, जन्मभर. पहिल्या दिवशी ती मला बघूनच रडली. शेजारची सुमा, तिच्याच वर्गातली, बाही सावरून पुढे आली.

"अय्यो, एवढंच? आधी मला टोच."

नवी सुई, सुमाचं बोट. आकडा आला चौऱ्याण्णव. मग मेघाश्रीनं डोळे मिटून आपलं बोट पुढे केलं.

माझ्या पोटात पाचशे आकडे राहतात, तारीख-वेळेसकट. त्यामुळे मला माणसं लवकर कळतात. "मी केक खाल्लाच नाही," असं मेघाश्री ज्या संध्याकाळी शपथेवर सांगत होती, त्या संध्याकाळी तीनशे बारा होते. मी चुगली केली नाही, फक्त आकडा दाखवला. पाहुणे आले की घरचीच मंडळी मला पोह्यांच्या डब्यामागे ढकलतात. "पुढं स्थळं यायचीत, गावभर कशाला सांगायचं?" तेरा वर्षांच्या मुलीला स्थळं! ह्या बाबतीत मात्र सगळे लांबचं बघतात.

आता यंदाच्या आयुधपूजेचं ऐका. या घराचा जुना धंदा कापड रंगवण्या-छापण्याचा. मेघाश्रीचे वडील नरसिंहराव आता टी-शर्ट छापतात. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पुसून, गंध-कुंकू लावून देवीपुढे बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत. कात्र्या बसल्या, छपाईच्या चौकटी बसल्या, शिवणयंत्र बसलं. एवढ्यात सरगूरहून आलेल्या गौराआत्यांनी मला उचललं.

"पोरीच्या जिवाची राखण करतंय, हेच खरं आयुध!" म्हणत त्यांनी माझ्या काचेवर गंध फासलं आणि वर चिमूटभर कुंकू टाकलं. ते थेट रक्ताची पट्टी घालायच्या फटीत गेलं.

"आत्या, मला दुपारी लागेल तो," मेघाश्री म्हणाली.

"एक दिवस मोजलं नाही तर काय होतंय गं? देवी बघून घेते."

तुळसीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नरसिंहराव म्हणाले, "जाऊ दे, एकच दिवस." माझा राग आत्यांवर आहे, पण या 'जाऊ दे'वर दुप्पट आहे.

साडेबाराला "पानं वाढतेच आहे" असं आईकडून ऐकून मेघाश्रीनं अंदाजानं इन्सुलिन टोचून घेतलं. टोचलं की जेवायलाच हवं. पण नरसिंहराव दुकानापुढे दृष्टीचा कोहळा फोडायला गेले ते गेलेच. नैवेद्य थांबला, पानं थांबली. इन्सुलिन थांबत नाही.

सव्वा वाजता सुमा मैत्रिणीला हाक मारायला आली. मेघाश्री भिंतीला टेकून बसली होती, घामानं झगा भिजलेला.

"तू जा. मला नको तू. जा इथून," ती सुमावर खेकसली.

"बघा, सणाच्या दिवशी काय तोंड आहे!" आत्या म्हणाल्या.

"ती नाही बोलत आंटी, साखर उतरली की असंच बोलते! गूळ द्या, लवकर!"

"नैवेद्य दाखवला नाही अजून. सुम्मने, गप बस जरा."

मोठी माणसं पोरांवर विश्वास ठेवत नाहीत, आकड्यावर ठेवतात, हे सुमाला पक्कं ठाऊक होतं. तिनं सरळ पूजेत हात घातला. "अगं, पूजा विटाळलीस!" आत्या ओरडल्या. सुमानं फटीत फुंकर मारली, परकराच्या टोकानं मला पुसलं, पट्टी खुपसली. मी आकड्याऐवजी 'चूक' दाखवली. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. तिनं पुन्हा फुंकलं, दुसरी पट्टी घातली, मेघाश्रीचं बोट टोचून थेंब लावला. त्रेचाळीस. सत्तरच्या खाली धोका असतो.

तो आकडा तिनं आत्यांच्या नाकापुढे धरला आणि कोणाच्या होकाराची वाट न बघता देवीपुढचा गूळ पाण्यात कालवून मैत्रिणीला पाजला. तुळसीबाई धावत साखर घेऊन आल्या. पंधरा मिनिटांनी एकोणसत्तर. मग अठ्ठ्याण्णव.

आता आत्या सुमाचे आभार मानतील, असं मला वाटलं. त्यांनी देवीची क्षमा मागितली. मग सुमाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पूजा उठल्यावरच ये, बाई."

सुमानं चपला घातल्या. मेघाश्री भिंत धरून उठली. चेहरा अजून पांढरा, पण हात स्थिर.

"आत्या, तुमचा चष्मा द्या."

"कशाला गं?" म्हणत त्यांनी तो काढून दिला. मेघाश्रीनं त्याच्या दोन्ही काचांना गंध लावलं, कुंकू लावलं, आणि मी बसलो होतो त्याच जागी तो बसवला.

"उद्या सकाळी पूजा उठली की मिळेल."

"अगं, मग मला दिसायचं कसं?"

"एकच दिवस, आत्या. देवी बघून घेते."

आत्यांनी भावाकडे बघितलं. कोहळा फोडून नुकतेच दारात आलेले नरसिंहराव या वेळी बहिणीसाठी 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. तुळसीबाई म्हणाल्या, "सुमा, चपला काढ. पान वाढलंय. आधी तुम्ही दोघी बसा, नैवेद्य मागनं."

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कोणाच्या दप्तरात माझा एखादा भाऊ असेल. त्याला देव्हाऱ्यात बसवू नका, डब्यामागेही लपवू नका. हाताशी ठेवा. आणि घामेजलेली मैत्रीण तुम्हाला "जा" म्हणाली, तर अजिबात जाऊ नका.