फरशीचा शनिवार

मी मोबाईल बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं, आज थोडं माझंही ऐका. माझा एक कोपरा तडकलाय, पण स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मला विकत घेतलं त्या दिवशी तिने पहिला फोन आईला लावला. तेव्हापासून आईचा आवाज मला पाठ आहे.

तिचं घर एका लहानशा पंथातलं. प्रार्थनाघराची फरशी भक्तांनीच धुवायची, प्रत्येक घराला एक वार नेमून दिलेला. यांचा शनिवार. दोन वर्षांपूर्वी तिची श्रद्धा उडाली. भांडण नाही, तंटा नाही. आता माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, एवढंच तिने आईला सांगितलं. आई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी ताटावर बसली आणि म्हणाली, "प्रार्थना नको करूस. पण माझे गुडघे गेलेत. फरशीला तरी येशील ना?"

ती गेली, आणि पुढे दुकानाजवळ खोली घेऊन राहू लागली तरी दर शनिवारी जात राहिली. मी खिडकीत पडून बघायचो. लेक पाणी ओढायची, आई काठीला फडकं बांधून मागोमाग पुसायची, आणि देवाच्या दारात दोघी शेजारणीच्या खुशाल चहाड्या करायच्या.

पण मनातलं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्यातल्या एका समूहात शिरली, पंथ सोडलेल्यांच्या. तिथल्या काहींच्या जखमा खऱ्या होत्या. त्या वाचताना तिचा अंगठा माझ्यावर थबकायचा. समूह चालवणाऱ्याला मात्र एकाच मापाची माणसं हवी असत: छळलेली, घर तोडलेली, संतापलेली. मी त्याला मुकादम म्हणतो. आईबरोबर बादली उचलणारी त्याच्या मापात बसेना.

तिने आपली गोष्ट लिहून पाठवली. मुकादमाने थोडी आवळून परत धाडली. दुकानात गर्दी होती, बोटांना काचेची पूड होती. तिने न वाचताच "चालेल" असं कळवलं, आणि मुकादमाने ती गोष्ट सगळीकडे पसरवली. बाई दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेची काळजी करते, आणि ऐन वेळी तिने स्वतः बघितलं नाही.

मुकादमाने फरशी कापली होती. चौथा दिवस कापला होता. आणि आई तीन दिवस जेवली नाही, याचं झालं होतं: आईने मला तीन दिवस जेवू दिलं नाही. खाली ओळ होती, पंथ सोडणाऱ्या प्रत्येकाची हीच कहाणी. हजारो लोक हळहळले. ते सगळं माझ्यातूनच गेलं. हमालाने पोतं उघडून बघायचं नसतं म्हणतात, पण मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी वाचल्यावर ती हादरली. दुरुस्त करा, म्हणून तिने पुन्हा पुन्हा विनवलं. मुकादमाचं उत्तर आलं, "ताई, तुमच्यासारखी एखादीच. तुमच्यासाठी सगळ्यांची बाजू लंगडी करू का?"

एखादीच? त्याच रात्री मला सात जणांचे खासगी निरोप आले. आम्हीही घरी जातो, वडिलांना दवाखान्यात नेतो, बहिणीच्या लग्नात वाढतो, पण इथे बोलायची सोय नाही. सकाळी समूहाने तिला पंथाची हेर ठरवून काढून टाकलं.

शनिवारी ती पोहोचली तेव्हा आईने गुडघ्यांवर बसून अर्धी फरशी पुसली होती. कुणीतरी तिला तो मजकूर दाखवला होता. लेकीने सगळं सांगितलं, खरी गोष्ट वाच म्हणून मला पुढे धरलं. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी उपाशी राहिले गं," आई म्हणाली. "तुला नव्हतं ठेवलं." लेक बादली उचलायला गेली, तर आईने ती तिच्या हातातून काढून घेतली. "राहू दे. मी करीन."

त्यानंतर तिने आईला कितीदा तरी फोन लावला. घंटा वाजते आणि थांबते.

वाचकहो, माझ्यासारख्याच्या काचेवर कुणाची कहाणी वाचाल, तेव्हा कापलेलं काय असेल एवढं मनात विचारा. माझं काही मागणं नाही. तो मजकूर अजून फिरतोय. दर शनिवारी चार वाजता मी वाजतो, माझ्यावर अक्षरं उमटतात, "आई, फरशी". ती माझा आवाज बंद करते, पण ती आठवण पुसत नाही.

आज शनिवार आहे. चार वाजलेत. ती दुकानात काच घासतेय, आणि तिकडे आई गुडघ्यांवर बसली असेल.