उलट्या आट्यांचा नट आणि जावईबापूंचा जोर

मित्रांनो, मी एक जुना नट आहे. एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात, फिरत्या दांड्याच्या टोकावर मी पन्नास वर्षं काढली. सध्या मुक्काम बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. सोबत तीन वाकडे खिळे आणि पेनाचं एक टोपण. टोपण कोणीतरी चावलेलं आहे आणि ते मला चिकटून बसतं. माझा सूर कडवट का, हे आधीच कळलेलं बरं.

माझे आटे उलटे आहेत. कापणाऱ्याची चूक नव्हती, ते मुद्दाम तसे कापले. दांडा ज्या दिशेने फिरतो, त्या फिरण्याने साधा नट हळूहळू सैल होतो. मी उलट जास्तच घट्ट बसतो. म्हणून मला सोडवायचं तर पाना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवायचा. बाकीचे नट त्या दिशेने आवळले जातात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर माझा कोणाला काही त्रास नाही.

मालक कारखान्यात फिटर होते. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला शेवटचं आवळलं, मी हलू नये म्हणून माझ्याखालच्या वॉशरची पाकळी माझ्या अंगावर दुमडली आणि शेजारच्या पत्र्यावर टोकदार पंच ठोकून ठिपक्याठिपक्यांनी एक बाण काढला. सोडवायची दिशा. पुढच्या माणसाचे हाल नकोत, असं ते पुटपुटले होते. हाल माझे व्हायचे होते, हे दोघांनाही सुचलं नाही.

पुढे मालकांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि गाडी जिन्याखाली गेली. माझ्यावर गंज चढला, तेलाचा काळा थर बसला, एका कोळिणीने त्यात अंडी घातली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. ते मला चाललं. दुर्लक्षाला निदान घाम येत नाही.

मग मालकांच्या मुलीने ठरवलं, पंचाहत्तराव्या वाढदिवसाला बाबांना याच गाडीवर मागे बसवून फेरी मारायची. इंजिन खोलायचं काम तिच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. जावईबापू विम्याच्या कचेरीत बसतात. त्यांनी चाळीस व्हिडिओ पाहिले होते. चाळिसावा संपल्यावर त्यांनी सगळ्यात आधी अख्ख्या इंजिनाला चंदेरी रंग फासला. फोटो चांगला येतो म्हणून. गंज, तेल, कोळिणीची अंडी, सगळ्यासकट. बाणही त्यातच गेला. घाण न पुसता तिच्यावर रंग देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. अजून आठवलं की शिसारी येते.

गंज सुटतो म्हणून त्यांनी माझ्यावर गोड, फेसाळ सरबत ओतलं. गंज सुटला नाही, मुंग्या आल्या. मग पाना आणला, तो एक माप मोठा. फट बुजवायला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून खुपसलं. पाना फिरवला तर माझ्याबरोबर दांडाच फिरू लागला. तो अडवायला त्यांनी गिअरच्या दातांत स्क्रूड्रायव्हर अडकवला, तो केळ्यासारखा वाकला. मग दुसरा अडकवला. आणि एवढा खटाटोप करून मला फिरवलं कुठे? डावीकडे, काट्यांच्या उलट. म्हणजे मला सोडवायच्या नावाखाली ते घामाघूम होऊन आवळत होते. तो घाम माझ्यावर पडत होता. शेवटी पान्याला हातभर नळीचा तुकडा लावून ते त्यावर उभे राहिले. माझे दोन कोपरे उडाले आणि दांडा कण्हला.

मालक समोरच खुर्चीत चहा घेऊन बसले होते, शेजारी मुलगी. त्यांना दिशा ठाऊक होती. असा दांडा आता कुठे मिळत नाही, तो मोडला की गाडी भंगारात, हेही ठाऊक होतं. तरी गप्प. कारण पूर्वी एकदा जावईबापू दारात मोटार लावत असताना मालक "जरा डावीकडे" एवढंच म्हणाले होते, जावईबापू रुसले, आणि मुलगी आठ महिने माहेरी आली नव्हती.

जावईबापूंनी छिन्नी उचलली.

"बाबा, बिनसाखरेचा चहा किती ढवळणार?" मुलीने विचारलं.

मालकांनी चमचा थांबवला.

"तो चुकतोय ना?" तिने विचारलं.

"जावयाला आपण काय सांगायचं," मालक हळू म्हणाले. "परत आठ महिने तू दिसायची नाहीस."

ती उठली, चिंधीवर थिनर घेतला आणि मालकांची नजर जिथे खिळली होती तिथला रंग पुसला. बाण दिसला. जावईबापूंनी छिन्नी खाली ठेवली, बाणाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या डोक्यात तेच चाललं होतं."

मग मालक काठी टेकत आले. आधी मला पुसलं. स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून सुती दोरी आत सोडली. पिस्टन तिच्यावर टेकला आणि दांडा जागच्या जागी थांबला. वॉशरची पाकळी सरळ केली, मला शेक दिला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि बरोबर मापाचा पाना लावून बाणाच्या दिशेने ओढला. "कट्" झालं आणि मी सुटलो. त्या घरात माझ्या बाबतीत स्वच्छपणे झालेली ही एकमेव गोष्ट.

माझ्या जागी नवा नट आला. चकचकीत, कोळ्याची ओळख नसलेला. वाढदिवसाला जावईबापूंनी मला पाहुण्यांपुढे नाचवत सांगितलं, की आटे उलटे आहेत हे त्यांनी आवाजावरून ओळखलं. मालकांनी चहा ढवळला.

तेवढ्यात गाडी सुरू झाली. जावईबापू पुढे, मालक मागे, मी खिडकीतल्या डब्यात. फाटकाशी गाडी खांबाच्या अगदी अंगावर चालली होती, तेव्हा मालकांचा आवाज आला, मोठ्याने.

"जावईबापू, जरा डावीकडे."

माझ्या शेजारी मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. गाडी थांबल्यासारखी झाली. आणि मग, मित्रांनो, जावईबापूंनी मुकाट्याने ती डावीकडे घेतली.

म्हणून सांगतो, जोर लावण्याआधी घाण पुसा; तिच्याखाली कोणीतरी काही लिहून ठेवलेलं असतं. आणि तुम्हाला दिशा ठाऊक असेल तर वेळेवर बोला. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. जमलं तर एवढं टोपणही बाहेर काढा. ते अजून ओलं आहे.