शेळ्या किती, झुंबरबाई?

सतराशे ऐकलं आन माझं डोकंच तापलं. आठ हजाराच्या शेळीला वर्षाचा हप्ता सतराशे! "अगं बाई, विमा काढतीस का शेळीच घेऊन जातीस?" मी देवळापुढं भर बैठकीत बोलले.

समोर रोहिणी बसलेली, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ऑफिसातनं आलेली. आमच्या बचत गटांनी शेळ्यांच्या विम्याचा आपलाच फंड काढायचं ठरवलं, त्याचा दर ही पोरगी काढून देणार होती. शेळी रोगानं मरो का वीज पडून, पैसे मिळणार. मला तो विमा पाहिजेच होता. माझी नात योगिनी नाशिकला नर्सिंग शिकती, तिची फी निघती माझ्या चांदी शेळीच्या करडांवर. गेल्या पावसाळ्यात पोटफुगीनं माझ्या दोन शेळ्या गेल्या, तवा पोरीचं कॉलेज सुटता सुटता राहिलं. आता चांदीला काय झालं तर संपलंच. पण सतराशे कुठनं आणू?

"आजी, दर मी मनानं नाही लावला," रोहिणी म्हणाली. "गावात शेळ्या साठ. वर्षात मेल्या बारा. म्हणजे पाचातली एक मरते. आठ हजाराचा पाचवा हिस्सा सोळाशे, वर शंभर खर्चाचे."

साठ? शेजारच्या आशानं पदर तोंडाला लावला.

खरं सांगू? आमच्याकडं धडधाकट जनावर कुणाला मोजू देत नाहीत. दृष्ट लागती. कुणी विचारलंच तर 'हायत दोन-चार' म्हणायचं. रोहिणी मोजायला येणार कळलं, तशा सगळ्यांनी चांगल्या शेळ्या पाटाकडं हाकलल्या आन दारात ठेवल्या लंगड्या, खोकणाऱ्या. मी तर दोनच दाखवल्या. मेलेल्या मात्र एकूणएक सांगितल्या. मेलीला कसली दृष्ट! म्हणजे सतराशेचा दर आम्हीच लावून घेतला होता.

भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू. पण योगिनीचं तोंड डोळ्यापुढं आलं. उठले, तरातरा घरी गेले आन चांदीला सोडून बैठकीत आणून उभी केली.

"हिला मोज. त्या दोन सोडून घरी आणखी आठ हायत."

"आजी! मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी आम्ही लय शहाण्या होतो!"

आशा खो खो हसली आन उठली. मग एकेक बाई उठली. दुपारपर्यंत देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. रोहिणीनं दोनदा मोजलं. दोनशे चाळीस! मेलेल्या त्याच बारा. विसातली एक.

"चारशे, आणि खर्चाचे शंभर. पाचशे!" सांगताना तिचाच आवाज चढला.

पाचशे मला झेपत होते. चांदीच्या कानात विम्याचा पिवळा बिल्ला बसला. गळ्यात मी काळा दोरा बी बांधला, उगी कशाला जोखीम.

रोहिणीनं वही ओढली. "झुंबरबाई, तुमच्या एकूण किती लिहू?"

'दोन-चार' जिभेवर आलंच होतं. गिळलं.

"अकरा!" मी सगळ्या गावादेखत ओरडले. "आन चांदी गाभण हाय. खाली जागा सोड."